नार्सिसिझम: मिरवणारा आणि कुढणारा

नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला, म्हटलं की छाती फुगवून फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो. तो ओळखायला सोपा. पुतणीच्या नोकरीचे पेढे वाटले जात असतात आणि हा सांगत सुटतो, "अर्ज मीच भरायला लावला होता." कुणी खोडून काढलं की आवाज चढतो.

दुसरा, कुढणारा नार्सिसिस्ट, घरच्यांच्याही लक्षात येत नाही. पेढा हातात तसाच धरून "आम्हाला कोण विचारतं!" म्हणतो आणि डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जातो. आता सगळे त्याच्या मागे. वरवर लाजाळू, हळवा. पण आपली किंमत कुणाला कळलीच नाही ही खंत, दुसऱ्याच्या यशाची जळजळ आणि वर्षानुवर्षं जपलेले अपमान आत धुमसत असतात. माझ्या मते माणसं जास्त दमतात ती याच्यापायी. डॉक्टरांकडे तो बरेचदा नैराश्याची तक्रार घेऊन पोचतो.

डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) मात्र हे दोन वेगळे आजार नाहीत. निदानाला ९ पैकी किमान ५ निकष लागतात, आणि तेही तरुणपणापासून सगळीकडे दिसणारे. (रील बघून सासूबाईंवर शिक्का मारणाऱ्यांनी हे वाचावं.) शिवाय मिरवणं आणि कुढणं एकाच माणसात आलटूनपालटून दिसू शकतं.