कॉपीक्यू : पट्टी नीट उतरते का, हे पाहण्यासाठी

लातूरच्या बाजारातल्या आडत दुकानांसाठी लिनक्सवर हिशोबपट्टीचा छोटा प्रोग्राम लिहिताना वेळ जातो तो हमाली-तोलाईच्या आकडेमोडीत नव्हे, तर तयार पट्टी कॉपी करून लिबरऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये पेस्ट केली की ती सरळ उतरते का, हे पाहण्यात. या कामासाठी मी कॉपीक्यू हा मोफत आणि मुक्तस्रोत क्लिपबोर्ड व्यवस्थापक, म्हणजे कॉपी केलेला मजकूर सांभाळणारा प्रोग्राम, वापरतो. जुन्या कॉप्यांची यादी मिळते म्हणून लोक तो घेतात. माझ्या मते त्याचा खरा फायदा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आहे.

एक्स-११ या लिनक्सवरच्या जुन्या खिडक्या-व्यवस्थेत कंट्रोल-सी दाबल्यावर मजकूर कुठेही साठवला जात नाही. आपला प्रोग्राम फक्त क्लिपबोर्डची मालकी जाहीर करतो आणि पेस्ट करणारा ज्या स्वरूपात मागेल, त्या स्वरूपात तो मजकूर तेव्हा पुरवतो. त्यामुळे व्यवस्थापक नसलेल्या हलक्या डेस्कटॉपवर मुनीमजींनी पट्टी कॉपी करून खिडकी बंद केली, की कॅल्कमध्ये काहीच उतरत नाही आणि दोष मात्र आपल्या प्रोग्रामला लागतो. कॉपीक्यू चालू असेल तर ती पट्टी यादीत राहते.

त्याहून मोलाची आहे ती क्लिपबोर्डवरचा ऐवज दाखवणारी खिडकी. तिच्यात एचटीएमएल तक्ता आणि टॅबने विभागलेला साधा मजकूर ही दोन्ही स्वरूपे वेगवेगळी दिसतात, त्यामुळे शेतकऱ्याचे नाव, कट्टे, वजन आणि भाव एकाच रकान्यात का कोंबले गेले, हे लगेच उमगते. हीच तपासणी टर्मिनलमधूनही करता येते. आपण स्वतः ठरवलेले स्वरूप मात्र यादीत आपोआप जपले जात नाही. ते सेटिंगमध्ये नोंदवावे लागते.

एक मर्यादा जाणवते. एक्स-११ च्या जुन्या ‘स्ट्रिंग’ या मजकूर-प्रकारात लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचापलीकडची अक्षरे बसत नाहीत, म्हणून ‘सोयाबीन’ पाठवायचे तर ‘यूटीएफ८_स्ट्रिंग’च द्यावा लागतो, परंतु कॉपीक्यू क्यूटी या खिडक्या बनवण्याच्या साधनसंचावर बांधलेला असल्याने त्याच्या खिडकीत दोन्ही प्रकार साधा मजकूर म्हणूनच दिसतात. तिथे एक्सक्लिप या टर्मिनलमधल्या साधनाला ‘टार्गेट्स’, म्हणजे उपलब्ध स्वरूपांची यादी, विचारणे हाच सरळ उपाय आहे, आणि तेही क्लिपबोर्ड ही निवड स्पष्ट सांगून, कारण एरवी एक्सक्लिप माऊसने निवडलेला मजकूर उचलते.

एक्स-११ ची जागा घेणाऱ्या वेलँडच्या मूळ नियमांनुसार क्लिपबोर्ड वाचण्याचा हक्क समोरच्या खिडकीलाच असतो. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप त्यातून व्यवस्थापकांना वाट देतो, तर ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये कॉपीक्यू सहसा एक्सवेलँडच्या, म्हणजे वेलँडवर एक्स-११ चे प्रोग्राम चालवणाऱ्या थराच्या, आडवाटेने चालवावा लागतो आणि तरीही काही कॉप्या निसटू शकतात.

दुकानातल्या सामायिक संगणकावर तो बसवताना यादीची मर्यादा कमी ठेवावी आणि पासवर्डच्या खिडक्या वगळण्याची तयार आज्ञा आधी चालू करावी, नाहीतर शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आणि मालकाचा पासवर्ड एकाच यादीत, कोणालाही दिसतील असे पडून राहतात.