ओटीला छतच नाही, तरी त्याच्या रंगाचे पैसे भरले

गावच्या घराचं रंगकाम मुंबई-ठाण्यात बसून करून घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो, घर संगमेश्वर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, आत माजघर आणि आजेसासऱ्यांनी करवून घेतलेला फणसाच्या लाकडाचा दोन फळ्यांचा दरवाजा. गणपतीत घर नीट दिसावं म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यातच, पावसाच्या आधी, काम उरकायचं ठरवलं.

ठेकेदार शेजारच्याच गावचा. "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा, रोज फोटो टाकतो," म्हणाला. मजुरी चौरस फुटाला 12 रुपये, रंगाचे पैसे बिलाप्रमाणे वेगळे, दरवाजा आणि चार खिडक्यांच्या पॉलिशचे 18,000. सगळं तोंडी. मे महिन्यात माणसं मिळत नाहीत, त्यांना बांधून ठेवायला लागतं, असं सांगून त्याने 45,000 आधीच घेतले. उरलेले तीसेक हजार शेवटचे फोटो आल्यावर मीच पाठवले. इथे माझी मोठी चूक झाली. फोटोत चांगला रंग आणि वाईट रंग सारखेच दिसतात.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही गावी पोहोचलो. मखर बांधताना सासूबाई जरा दमून भिंतीला टेकल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या निळ्या साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळट भुकटी. मी फडकं ओलं करून भिंतीवर फिरवलं, तर दोन फेऱ्यांत रंग फडक्यावर आणि खाली आधीचा चुना. इमल्शन, म्हणजे पुसता येणारा महागातला रंग, एकदा नीट वाळलं की ओल्या फडक्याने असं निघत नाही. आमच्याकडून पैसे घेतले इमल्शनचे, भिंतीला लावलं होतं हलकं डिस्टेंपर, म्हणजे स्वस्तातला भुकटी सुटणारा रंग, तेही जुना चुना न खरवडता. कोपऱ्यांत तर पोपडे सुटायला लागले होते.

मग मुलाने मेमधले फोटो काढून मोठे करून पाहिले. खळ्यात नामांकित कंपनीच्या भारी इमल्शनचे 20 लिटरचे तीन डबे मांडलेले. तिन्हींच्या काठावर वाळलेल्या हिरव्या रंगाचे ओघळ. आमच्या घरात हिरवा रंग कुठेच नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कामावरचे रिकामे डबे आणून फोटो काढला होता. त्याने खरोखर वापरलेल्या रंगाचे डबे आम्ही शोधले, ते गोठ्यामागे सापडले, डिस्टेंपरचे. बिल म्हणून जो कागद त्याने पाठवला होता त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक नव्हता, शेडचा कोडही नव्हता. तीन डब्यांचे 25,500 मात्र होते.

खरं तर तो आकडा वाचूनच मला शंका यायला हवी होती. तयार भिंतीवर चांगल्या इमल्शनचे दोन हात द्यायचे तर एका लिटरमध्ये साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट होतात. आमच्या भिंती भरल्या 2,200 चौरस फूट. म्हणजे एक डबा आणि वर थोडा. 60 लिटर कशाला?

आणि हे 2,200 आम्ही स्वतः टेप धरून मोजले. त्याने लावले होते 2,626. एवढा फरक आला कुठून हे कळायला रात्र गेली. ओटी 12 बाय 18, म्हणजे 216. माजघर 14 बाय 15, म्हणजे 210. बेरीज 426. त्याने दोन्ही खोल्यांचं छत धरलं होतं. आमच्या ओटीला आणि माजघराला छत नाही, वर बघितलं की वासे आणि कौलं दिसतात. नसलेल्या छताच्या मजुरीचे 5,112 रुपये आम्ही भरले.

पैशांचं दुःख एकवेळ सोसलं असतं. दरवाज्याचं सोसवत नाही. फणसाचं लाकूड कोवळं असताना पिवळं असतं, वर्षं जातात तसं ते तांबूस होत जातं. आमच्या दरवाज्याला दर दोन-तीन वर्षांनी बेलतेल, म्हणजे लाकडाला लावायचं जवसाचं तेल, चोळायची पद्धत होती. ठरलं होतं ते असं: जुनं तेल आणि काजळी पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढायची, मग आतल्या बाजूला मेलामाइन आणि पावसाचा मारा लागतो त्या बाहेरच्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन), दोन्ही लाकडावरची पारदर्शक पॉलिशं. त्याने काहीच घासलं नाही. जुन्या तेलावरच गडद तपकिरी रंग मिसळलेलं व्हार्निश फासलं. भाद्रपदात त्यावर पांढुरके डाग पडले होते, हात लावला तर चिकट. मी नखाने जरा उचललं, तर दुधावरची साय यावी तसा पापुद्रा अख्खा सुटून आला आणि खाली ती जुनी काळी काजळी तशीच. वरच्या पट्टीवर कोरलेली कमळं आहेत, त्यांच्या पाकळ्यांच्या फटी व्हार्निशने बुजून गेल्या होत्या. सासूबाई त्या कमळांवरून बोट फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

फोन केला तर म्हणाला, "वहिनी, कोकणातली हवाच तशी, कुठलाही रंग टिकत नाही." हवा दमट आहे हे खरं. म्हणूनच तर घासायचं आणि पीयू मारायचं ठरलं होतं. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

दरवाजा गावच्याच एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी वाचवला. रिमूव्हर लावून व्हार्निश उतरवलं, कमळांतलं दाभणाने कोरून काढलं, मग 80 नंबरच्या खरखरीत पेपरपासून 220 नंबरच्या बारीक पेपरपर्यंत, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, आठ दिवस घासलं. वर नुसतं बेलतेल. "फणस आपोआप पिकतो, त्याला वरून रंग कशाला?" म्हणाले. प्रामाणिक माणसं गावात असतात, आम्हीच त्यांना विचारलं नव्हतं.

आता कोणी काम देणार असाल तर एवढं कराच. माप घेताना घरचं माणूस टेपचं दुसरं टोक धरून उभं राहू दे. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडू दे. शेड मशीनवर बनवलेली असेल तर झाकणावरच्या स्टिकरवरचा कोड आणि तारीख बघा. आणि खरवडणं, घासणं, प्रायमर यांतलं प्रत्येक काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा हात मारू देऊ नका, पुढचा हप्ताही सोडू नका. स्वतःला जमत नसेल तर भावकीतलं कोणी, शेजारचं कोणी, पण माणूस हवा. दर, माप आणि मालाचं नाव कागदावर घ्या, खाली दोघांची सही.

आमच्याकडे कागद नव्हता, पण व्हॉट्सॲपवरचं बोलणं, फोटो आणि यूपीआयच्या नोंदी होत्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आणि उत्तर आलं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

माजघर आम्ही खरवडून पुन्हा रंगवून घेतलं. ओटीची मागची भिंत मात्र तशीच ठेवली आहे, सासूबाईंच्या पाठीचा ठसा अजून तिच्यावर दिसतो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही, असं घरात ठरलं आहे.