डी-डेच्या ‘फुकट’ नाण्याची जाहिरात दिसली तर आधी हे वाचा

इंग्लंडात ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे सोबत राहतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

डी-डे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं तो दिवस; 2024 मध्ये त्या स्वारीला 80 वर्षं झाली. तेव्हा माझ्या सासऱ्यांना वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली: स्मृतिनाणं, 24 कॅरेट सोन्याचा मुलामा, किंमत शून्य, फक्त टपालखर्च द्या. सासरे माणगावचे. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. याच पलटणीच्या यशवंत घाडगे यांना 1944 च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, माणगावात त्यांचा पुतळा आहे. अशा घरातला माणूस ही जाहिरात नुसती वाचून बाजूला ठेवणार नाही, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

नाणं आलं. मग दर महिन्याला नवं पाकीट आणि कार्डावरून पैसे वळते. ‘संपूर्ण मालिका पाठवावी’ ही संमती फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होती. कागदावर मुकुट आणि ‘मिंट’ (टांकसाळ) हा शब्द, त्यामुळे सासऱ्यांना वाटलं हे सरकारीच आहे. मी नाणी उलटून पाहिली तर एकावरही दर्शनी किंमत नाही. म्हणजे ती नाणी नव्हेत, बिल्ले. नाण्यांच्या व्यापाऱ्याने हातात घेऊन सांगितलं, ‘आत साधा धातू आहे, वरचं सोनं नावापुरतं. मी हे विकत घेणार नाही.’

खरं सरकारी नाणंसुद्धा आपोआप दुर्मीळ होत नाही. रॉयल मिंट या ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने 1994 मध्ये डी-डेचं 50 पेन्सचं नाणं काढलं, ते 67 लाखांहून अधिक पाडलं गेलं. क्रमांक घातलेल्या ‘मर्यादित आवृत्ती’च्या प्रमाणपत्राला भुलू नका.

असं काही घरात चालू असेल तर कंपनीच्या फोनवर ताटकळत बसू नका, थेट बँकेला सांगा. कार्डावरून परस्पर जाणारे पैसे थांबवायला कंपनीची परवानगी लागत नाही. टपालाने मागवलेला माल हातात पडल्यापासून 14 दिवसांत खरेदी रद्द करता येते; परत पाठवताना टपालाची पावती जपून ठेवा. आमचे शेवटच्या पाकिटाचे पैसे असेच मिळाले, आधीचे गेले. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवा, ती पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, जाते.