डाउनहॉलला फासा की कप्पी?

लहान शिडाच्या होडीत डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) आणि आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा मागे ताणणारी दोरी) ताणण्यासाठी कप्प्या व कॅम क्लीट (दातेरी जबड्यांत दोरी पकडणारा चिमटा) बसवावेत, की त्याच दोरीत फासा घालून, म्हणजे दोरीचाच फास करून त्यातून मोकळे टोक कप्पीतल्यासारखे ओढून, ते शेपूट साध्या हॉर्न क्लीटला (दोन शिंगांच्या खुंटीला) गुंडाळावे, हा प्रश्न मुंबईच्या बंदरात होडी चालवणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत.

फाशाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खर्च जवळजवळ नाही आणि गंजण्या-अडकण्यासारखा सुटा भागही नाही. कॅम क्लीटच्या दातांत मीठ आणि वाळू बसली की एक जबडा नीट मिटत नाही, दोरी नकळत सरकत जाते आणि शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या चुण्या दिसू लागल्यावरच ते ध्यानात येते. होडी गोड्या पाण्याने धुण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्याने कप्प्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे.

जोराचे म्हणाल, तर एका फाशाने कागदावर तिप्पट जोर मिळतो. दोरीवर दोरी घासत असल्याने माझ्या हाताला तो दीडपटीहून फारसा अधिक जाणवला नाही, पण लहान शिडाला तेवढा पुरतो. माझी तक्रार ताणण्याबद्दल नाहीच, ती सोडण्याबद्दल आहे. दुपारी वायव्येचा वारा चढला की आपण डाउनहॉल ओढून शिडाचे पोट, म्हणजे त्याचा फुगवटा, पुढे आणतो. संध्याकाळी वारा पडतो, ओहोटीचा ओघ समोरून येतो आणि परतताना पुढची कड सैल करून शिडाला पोट द्यावे लागते. नेमक्या त्या वेळी क्लीटवरून मोकळी केलेली ओली दोरी फाशातच धरून बसते. मग एका हाताने सुकाणू सांभाळत डोलकाठीपाशी सरकायचे, वजन पुढे गेल्याने नाळ (होडीचे पुढचे टोक) दबते ती दबू द्यायची आणि दोरी बोटांनी मागे ढकलत राहायचे. कप्पीतली दोरी क्लीटमधून उचलताच आपसूक धावते.

केवळ सकाळच्या मंद वाऱ्यात तासभर फिरणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. इतरांनी निदान डाउनहॉलला तरी कप्प्या लावून पाहाव्यात, असे मला वाटते. मात्र दोरीचे शेपूट बसल्या जागी हाताशी येईल इतके मागे आणावे, नाहीतर डोलकाठीपर्यंतचे सरकणे काही सुटत नाही. आउटहॉल या हंगामापुरता फाशावर राहिला तरी चालेल.