सायलेन्सर वेल्डिंगला दिला, डबा परत आला, आतली जाळी गायब

जुन्या गाडीचा सायलेन्सर वेल्डिंगला बाहेर देणार असाल तर आधी हे वाचून घ्या. नागपुरात माझ्यासोबत जे झालं ते आणखी बऱ्याच जणांसोबत झालं असणार, फक्त त्यांना पत्ता नाही. पत्ता लागणं कठीणच आहे. चोरी होते तो भाग बाहेरून अख्खा दिसतो, गाडी आधीसारखी चालते आणि डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागत नाही.

गाडी बाबांची. २००५ ची वॅगन-आर, एमएच-३१. ऑइल, प्लग, ब्रेकचे पॅड आणि शू, फॅन बेल्ट, सस्पेन्शनचे बुश ही सगळी कामं मी घरीच करतो. नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या वर, त्यामुळे रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि होजपाईप उन्हाळ्याआधी स्वतः तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. वेल्डिंग तेवढं बाहेर द्यावं लागतं. गंजलेल्या पातळ पाईपला भोक न पाडता टाका मारायला सरावाचा हात लागतो, तो माझा नाही.

पावसाळा संपता संपता थंड इंजिन सुरू केलं की खालून फडफड आवाज येऊ लागला. मागे टेलपाईपच्या तोंडावर जाड ओलं फडकं दाबून धरायला मुलाला सांगितलं आणि मी पुढे कान लावला. पुढच्या पाईपच्या जोडाजवळ गंजून चीर गेली होती. नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, गाडी स्टँडवर घेतली आणि सकाळी पाईप सुटा केला.

आता मुद्दा या पाईपचा. इंजिनाच्या बाजूला त्यावर एक फुगीर स्टीलचा डबा असतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मिस्त्री लोक त्याला कॅट म्हणतात आणि आतल्या भागाला जाळी. ही जाळी म्हणजे सिरॅमिकची वीट, मधाच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रांची, एका चौरस इंचात साधारण ४०० छिद्रं. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल इथे जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन होतो. तिन्ही धातू मिळून काही ग्रॅमच भरतात, पण २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. नंतर तो उतरला, तरी जुनी जाळी विकत घेणारे भंगारवाले गॅरेजांच्या चकरा मारणं थांबलेले नाहीत. मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या गेली काही वर्षं आपण वाचतो, त्या याच डब्यापायी.

दुकानाचं नाव आणि ठिकाण लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. सायलेन्सर-वेल्डिंगचंच दुकान, वर्दळीचं, जुनं. पाईप बघितल्याबरोबर तिथला माणूस म्हणाला, "ठेवून जा ना भाऊ, चार गाड्या पुढे हायेत. संध्याकाळी या." संध्याकाळी पाईप तयार होता. चिरेवरचा टाका सुबक आणि वर डब्यासकट सगळ्या पाईपला चंदेरी रंग. रंग मी सांगितला नव्हता. "हीटप्रूफ मारून दिला, पैसे नाही लावले," असं तो म्हणाला. वेल्डिंगचे ६०० रुपये मोबाइलवरून दिले. तो फुकटचा रंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

पाईप बसवला, फडफड गेली. पण आवाजाचा पोतच बदलला होता. ॲक्सिलरेटर सोडला की मागून पोकळ, टणटणीत आवाज यायचा. पोर्चमध्ये गाडी थोडा वेळ उभ्या उभ्या चालू ठेवली की डोळे चुरचुरायचे आणि कपड्यांना कच्च्या पेट्रोलचा वास लागायचा. याआधी या गाडीने असं कधी केलं नव्हतं.

गाडीला वीस वर्षं झालेली, पुन्हा पासिंगला न्यायची होती. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. एवढे पैसे भरायचे तर कागद पक्के हवेत, म्हणून आधी पीयूसी काढायला गेलो. आमचे नेहमीचे पीयूसीवाले काकाजी गाडी ओळखतात. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, नळी काढून पुन्हा नीट घातली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "काही तरी गडबड आहे भाऊ. मागच्या वेळी तर मस्त होती." बीएस-२ आणि बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावर मोनॉक्साइडचा आकडा ०.११ होता. आता ०.८४.

असा आकडा आला की दहातले नऊ मिस्त्री प्लग, एअर फिल्टर आणि सेन्सर बदलायला लावतात. त्यात दोन-तीन हजार सहज जातात आणि आकडा जागचा हलत नाही. मी भाग न बदलता तपासणी केली. प्लगांचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे जळण बरोबर. व्हॅक्यूमच्या नळ्या शाबूत. धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला मल्टिमीटर लावला तर गरम इंजिनावर व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खाली-वर होत होतं, अगदी व्हायला पाहिजे तसं. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा धूर ठीक होता, पुढे तो साफ होत नव्हता.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी इथे थांबून नीट लक्ष द्यावं. नव्या गाड्यांमध्ये डब्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. जाळी काम करेनाशी झाली की मागचा सेन्सर ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. माझ्या गाडीत सेन्सर एकच, तोही डब्याच्या पुढे. त्याला मागे काय चाललंय ते कळणारच नाही. जुन्या गाडीची जाळी काढणं म्हणूनच चोरणाऱ्यांना बिनधोक वाटतं.

गाडी पुन्हा स्टँडवर घेतली, पाईप उतरवला आणि मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप, म्हणजे लांब तारेच्या टोकावरचा बारीक कॅमेरा, आत घातला. हजाराच्या आत मिळणारी ही वस्तू घरी काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असावी. आत जाळी नव्हती. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत साधा पाईप टाकून त्याला दोन्हीकडून टाके मारले होते. धूर त्या पाईपातून सरळ मागे जात होता आणि भोवतीचा डबा नुसता शोभेला उरला होता. मग चंदेरी रंगावर वायर ब्रश चालवला. डब्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे गाडीखाली वाकून पाहिलं तरी दिसणार नाही अशा ठिकाणी, तीन बाजूंनी ग्राइंडरने कापलेली खिडकी उघडी पडली. झाकण उचलून जाळी काढली, पाईप आत बसवला, झाकण परत दाबून टाका मारला आणि टाका घासून सपाट केला. रंग कशासाठी होता ते तेव्हा उलगडलं.

दुकानात गेलो तर आधी उपकाराची भाषा. "जाळी चोक होऊन राहिली होती भाऊ, म्हणून काढून दिली. आता पिकअप पाहा, ॲव्हरेज पाहा." जुनी जाळी परत दे म्हटल्यावर सूर बदलला. "खालीच डब्बा आणला होता तुम्ही. आत काही नव्हतंच." मी सहा महिन्यांपूर्वीचा पीयूसीचा कागद पुढे केला. आत काही नसताना ०.११ आकडा आला कसा, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने ६०० रुपये परत द्यायची तयारी दाखवली. मी घेतले नाहीत.

"चोक झाली होती", म्हणजे तुंबली होती, या वाक्याला बरेच लोक फसतात, कारण जाळी खरोखर चोक होऊ शकते. इंजिन मिसिंग मारत असताना, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसताना, गाडी तशीच दामटली तर कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि सिरॅमिक वितळतं. ऑइल खाणाऱ्या इंजिनाची काजळीही तिथे साचते. पण चोक जाळी लपून राहत नाही. चढावर गाडी गुदमरते, वेग एका मर्यादेपुढे जातच नाही. मोजायचंच असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. २५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या वर गेला तर रस्ता तुंबला असं धरून चालतात. हे काहीही न मोजता जो नुसता डबा हातात घेऊन "चोक आहे" म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि धडधाकट जाळी काढल्याने जुन्या पेट्रोल गाडीचा ॲव्हरेज वाढतो हे मला तरी कुठे दिसलं नाही. माझ्या गाडीचा आहे तिथेच होता. उलट भुर्दंड मालकाला. पीयूसी मिळत नाही, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पोर्चमध्ये गाडी गरम करताना शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या नाकात काय जातं, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. पाईप बाहेर देण्याआधी दोन्ही तोंडांतून आत टॉर्च मारून जाळीचे फोटो काढतो. नुसते बाहेरचे फोटो कामाचे नाहीत, आतली छिद्रं दिसली पाहिजेत. मग सामान तोलायच्या हुक-काट्यावर पाईपचं वजन करून त्याचाही फोटो घेतो. दुकानदाराला हे फोटो तिथेच दाखवतो, त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि काम होईस्तोवर उभा राहतो. संध्याकाळी या म्हटलं तर पाईप उचलून घरी आणतो. चीर डब्यापासून लांब असेल आणि जोड खुलत असेल तर डबा वेगळा करून घरीच ठेवायचा, गंजलेला तुकडा तेवढा न्यायचा. रंग मारू द्यायचा नाही. आणि पैसे रोख देऊन मोकळं व्हायचं नाही. माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद आहे आणि "पाईप तयार आहे" हा त्याचा व्हॉइस मेसेज आहे. आज सगळी भिस्त त्या दोन गोष्टींवर आहे.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, तसं अर्जात लिहिलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळतो. नव्या कॅटला पाच आकडी रक्कम गेली, तो बसवल्यावर काकाजींच्या यंत्रावर ०.०९ आला आणि त्या कागदावर गाडी पासिंगला नेली. कापलेला डबा मी भंगारात दिलेला नाही, आयोगापुढे न्यायचा आहे.

तुमच्या जुन्या गाडीच्या सायलेन्सरचं काम अलीकडे बाहेर झालं असेल तर जुना आणि नवा पीयूसी शेजारी ठेवून पाहा. ताजा कागद हरवला असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून तो पुन्हा काढता येतो. मोनॉक्साइडचा आकडा कामानंतर एकदम वर गेला असेल तर प्लग आणि सेन्सरवर पैसे घालण्याआधी डब्याच्या वरच्या बाजूवरून हात फिरवा आणि आत कॅमेरा घाला.