नवा प्रिंटर: केबल की वाय-फाय?
कॉम्प्युटर एकच आणि प्रिंटर त्याच्या शेजारीच असेल, तर सरळ यूएसबी केबल लावा. चौकोनी टोक प्रिंटरला, चपटं कॉम्प्युटरला. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा विंडोज स्वतःच शोधून घेतं.

वाय-फायला सुरुवातीची खटपट जास्त. घरचं वाय-फाय बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, पण पुष्कळ घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क ओळखतात. ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचं नाव प्रिंटरच्या यादीत दिसतच नाही, आणि आपण उगाच प्रिंटर बंद-चालू करत राहतो. पुढे राउटरने प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलला, की चालू प्रिंटरही कधीकधी 'ऑफलाइन' दिसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा, हा त्रास थांबतो.

तरीही घरात मोबाइलवरून प्रिंट काढणारे दोघं-तिघं असतील, तर मी वाय-फायच निवडेन.