आयव्हीएफ सेंटरला दोन स्टार, तेही इंजेक्शनवाल्या सिस्टरसाठी

टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर आहे, नाव टाकत नाही, उगाच नोटीस नको घरी. जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आमच्या गावाहून एसटीनं दोन तास.

लग्नाला चार वर्षं झाली, माझं वय 29. मागच्या दिवाळीनंतर तालुक्याच्या मंगल कार्यालयात यांचं मोफत शिबिर होतं, सासूबाईच घेऊन गेल्या. माझं रक्त घेतलं, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी टेस्ट) 2.1 आला. काउन्सेलर मॅडम म्हणे ताई तुमचे अंडे संपून राहिले, आता थांबू नका. परत येताना सासूबाई एक शब्द बोलल्या नाही. बाहेर चहाच्या टपरीजवळ एक जण तर त्यांना सांगून राहिला होता की तिकडं गेलं की मुलगाच होते, सोय आहे. 1994 च्या कायद्यानं मुलगा-मुलगी निवडायला बंदी आहे बाप्पा, आणि हा माणूस भर दुपारी बोलून राहिला.

मग तीन आययूआय झाले, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडतात ते. दर वेळी सोनोग्राफी, इंजेक्शनं, 62 हजार गेले, सोयाबीनचे जेवढे आले होते तेवढे सगळे. तिथल्या एक सिस्टर मात्र देवमाणूस. मे महिन्यात आमच्याकडं 45 डिग्री, इंजेक्शन फ्रिजमधलं, एसटीत कसं न्यायचं? तर त्यांनी बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून डब्यात खाली, वर इंजेक्शन असं स्वतः भरून दिलं, म्हणे बर्फाला डायरेक्ट लागू देऊ नका, गोठलं की वाया जाते. पोटावर कुठं टोचायचं ते पण पेनानं गोल काढून दाखवलं. दोन स्टार त्यांचे.

तिसरा फेल गेल्यावर काउन्सेलर मॅडमनं पॅकेज काढलं. दोन लाख दहा हजार, आज अर्धे भरले तर तीस हजार डिस्काउंट, ईएमआय पण आहे. सक्सेस रेट 80 टक्के. मी विचारलं, 80 टक्के म्हणजे बाळ घरी येते का नुसती टेस्ट पॉझिटिव्ह येते? तर म्हणे ताई पॉझिटिव्ह विचार करा. (या मॅडम डॉक्टर नाहीत हे मला तिसऱ्या महिन्यात समजलं.) पुढं इंग्रजीतले फॉर्म, दहा-बारा जागी फुल्या मारलेल्या, इथं सही करा. आमचे हे पेन उघडून बसले होते. सिस्टर मागून हळूच बोलल्या, "ताई, आधी फाईल मागून घ्या."

फाईल मागितली तर आज सर नाहीत, उद्या प्रिंटर बंद, परवा या. पाच चकरा. शेवटी माझा भाचा, तो फार्मसीला आहे, त्यानं सांगितलं की मूल होण्याच्या अशा ट्रीटमेंटसाठी 2021 चा एआरटी कायदा आहे, कोणती ट्रीटमेंट केली त्याचं डिस्चार्ज सर्टिफिकेट द्यावंच लागते, आणि खर्च, धोके, यश किती येऊ शकते हे आधीच समजावून सांगावं लागते. लेखी अर्ज दिला, झेरॉक्सवर त्यांचा शिक्का घेतला, तेव्हा कुठं फाईल मिळाली.

त्यात माझ्या नवऱ्याचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. पहिल्या आययूआयच्या आधीचा. शुक्राणूंचा काउंट एका मिलीत 4 मिलियन. डब्ल्यूएचओचं खालचं माप 16 मिलियनचं आहे. सहा महिने मी डोळे पुसून राहिली होती आणि आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं! एवढ्या कमी काउंटवर आययूआय लागायची आशा फार थोडी, हे त्यांना माहीत नसेल का? आमचे हे रिपोर्ट हातात घेऊन बसस्टँडवर अर्धा तास गप्प. मग म्हणे, "तुले काहून बोलले मंग सगळे?"

सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी यांना उभं करून तपासलं, दोन मिनिटं, वृषणाच्या शिरा फुगलेल्या आहेत. एएमएचचं म्हणे तुमच्या वयाला ठीक आहे, आणि त्यावरून इंजेक्शनला अंडे किती येतील ते कळते, दिवस राहतील का नाही ते नाही. छोटं ऑपरेशन झालं, नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून मग परत तपासणी. तिथं लाईन मोठी आहे, बाथरूम बेकार आहे, पण रिपोर्ट दोघांच्या हातात देतात.

अजून एक. भिंतीवर लावलेलं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट वाचा, आम्ही सहा महिने त्याच्याखालीच बसलो होतो. त्यावर लेव्हल 1 लिहिलं होतं, म्हणजे फक्त आययूआयची परवानगी. आयव्हीएफला लेव्हल 2 लागते. मग दोन लाखांचं आयव्हीएफ होणार कुठं? विचारल्यावर म्हणे नागपूरच्या ब्रँचला. हे पॅकेजच्या कागदावर कुठंच नाही, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च तर नाहीच नाही.

तक्रार कक्षात अर्ज दिला आहे, 62 हजारांचा हिशोब मागितला आहे. खाली रिप्लायमध्ये "कृपया सेंटरला भेट द्या" लिहू नका, माझ्याजवळ तुमच्या सेंटरच्या एसटीची सतरा तिकिटं आहेत.